गाडी सेल्फच घेत नाही – इमोबिलायझर खरंच गेलाय का?

दाभोळखाडी
नमस्कार मंडळी. बाबांची गाडी चिपळूणला, मी पुण्यात. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "ही कंपनी घेतलीतच कशाला" असे येतील.

पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, पंखा फिरतो, रेडिओ बोलतो, पण सेल्फ मारला की काहीच नाही. टक् सुद्धा नाही. दुपारी जरा ऊन पडलं की कधीकधी पहिल्या झटक्यात चालू. लाल लाईट सारखी लुकलुकते असं बाबा सांगतात. बॅटरी दिवाळीला नवीन घातली आहे.

सर्व्हिस सेंटरने टो करून नेली, ठेवून घेतली आणि निकाल दिला: अँटी-थेफ्ट सिस्टीम लॉक झाली, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा), ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) आणि दोन चाव्या असा सगळा सेट बदलावा लागेल. एस्टिमेट ४२ हजार. गाडीची किंमतच आता लाख-सव्वा लाख. बाबा म्हणतात विकून टाक. आई म्हणते विकायला न्यायची तरी चालू व्हायला हवी.

एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काही तपासता येईल का? कुणाला असा अनुभव?

रिव्हर्स_गिअर
लाल लाईट म्हणजे नेमकी कुठली? फोटो टाका. दुसरी चावी लावून पाहिली का? आणि गाडी २०२१ च्या पुरात होती का?

दाभोळखाडी
पुराच्या वेळी गाडी सुदैवाने गुहागरला मावशीकडे होती, पाणी लागलेलं नाही. दुसरी चावी माझ्याकडे पुण्यात आहे, उद्याच्या एसटीने पार्सल करतो. फोटो बाबांकडून मागवतो. व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो म्हणजे अर्धा अंगठा आणि अर्धी गाडी, पण बघू.

मिरची_लिंबू
शनिवारी लिंबू-मिरची बदलली नव्हती ना? हलके घ्या.

सोलेनॉइड
चाकणला याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रिमोट आणि इमोबिलायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या कायम एकत्र करतात. दरवाजे उघडणारं बटण साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं, त्याला सेल लागतो, बऱ्याच चाव्यांत ३ व्होल्टचा सीआर २०३२. इमोबिलायझरची चिप मात्र बिनसेलाची. चावीच्या प्लास्टिकमध्ये दाताएवढी काचेची नाहीतर काळी वडी असते ती. इग्निशनच्या भोकाभोवती तांब्याच्या वेढ्यांची एक रिंग असते, ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चिपला जागं करते, चिप आपला कोड सांगते, तो जुळला तरच ईसीएम इंजेक्टर आणि स्पार्कला परवानगी देतो. म्हणून रिमोटचा सेल मेला तरी अशी चावी घालून फिरवायची गाडी चालू होतेच.

आता तुमच्या गाडीचं. चावी फिरवायच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर सेल्फला अडवत नाही. इंजिन मस्त घरघरतं पण पेटत नाही. काही युरोपीय गाड्यांत तर पेटतं आणि दीड-दोन सेकंदांत मरतं, अगदी ठरल्यासारखं. तुमच्याकडे सेल्फच फिरत नाही आणि टक् सुद्धा होत नाही. म्हणजे स्टार्टरपर्यंत करंटच पोचत नाहीये. सेल्फची वायर सुद्धा कापणारे इमोबिलायझर आहेत, नाही असं नाही, पण या वर्णनावरून थेट ४२ हजारांचा सेट बदलायला निघणं मला पटलेलं नाही.

एक साधी परीक्षा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मीटरमध्ये चावीचं किंवा कुलुपाचं चित्र असलेला दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर कंपनीच्या इमोबिलायझरने चावी ओळखली. तो फडफडत राहिला तर नाही ओळखली. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला असणारच, त्यांच्याकडून बिघाडाच्या कोडची प्रिंट मागा. चावी जुळत नसेल तर पी ०५१३ किंवा त्या कंपनीचा तसाच कोड दिसायला हवा. काहीही कोड न दाखवता ईसीएम बदला म्हणत असतील तर गाडी उचलून आणा.

मी_मुक्ता
@सोलेनॉइड, ते पाचशे-हजारवालं ब्लूटूथ स्कॅनर मिळतं त्यात दिसतील का हे कोड?

सोलेनॉइड
इंजिनचे दिसतात. इमोबिलायझरच्या डब्यातले सहसा नाही, त्याला बऱ्यापैकी स्कॅनर लागतो. पी ०५१३ इंजिनच्या बाजूला नोंदवला गेला असेल तर दिसू शकतो. नाही दिसला म्हणून सगळं ठीक आहे असं मात्र धरू नका.

रंकाळा_चौपाटी
एवढं कशाला डोकं शिणवताय? आमच्याकडं इमो ऑफ करून देणारी पोरं हाईत. ईसीएम काढायचा, फाईल वाचायची, इमो बंद करायचा, परत बसवायचा. तासाभराचं काम, चार-पाच हजारात मोकळं. मग साधी चावी बनवून घ्या शंभर रुपयांत आणि फिरा.

अनुस्वार
@रंकाळा_चौपाटी, आणि चोर पण फिरतील की त्याच शंभर रुपयांच्या चावीवर. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात. कंपनीची चोरीविरोधी यंत्रणा मुद्दाम बंद केल्याचं सर्व्हेअरला कळलं तर क्लेमवर खेळ सुरू. वरून फाईल लिहिताना लाईट गेली की ईसीएमची वीट, म्हणजे निकामी.

रंकाळा_चौपाटी
२०११ च्या हॅचबॅकला कोण चोरतंय राव!

अनुस्वार
जुन्याच जातात. पार्टसाठी.

टू_बीएचके_पुणे
इन्शुरन्सचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. एआरएआयची (वाहनांची चाचणी घेणारी संस्था) मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २.५ टक्के सूट मिळते, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. एजंट स्वतःहून कधी सांगत नाही. पाचशे रुपये सुटत नाहीत म्हणून नाही सांगत, त्यात फॉर्म भरायला लागतो म्हणून.

सदाशिव_पेठी
पाचशे रुपये म्हणजे पाचशे रुपये असतात.

टू_बीएचके_पुणे
आयडीवरून ओळखलं होतं.

गौरी_ठाणे
आमचा किस्सा. चावीचं कव्हर तुटलं होतं, बटणं आत गेली होती. स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याने पाच मिनिटांत नवं कव्हर घालून दिलं. पातं तेच, बटणाची सर्किट तीच. दरवाजे टुंग करून उघडले, आम्ही खूश. काही महिन्यांनी नवऱ्याने त्याच्या ऑफिसच्या जुडग्यासाठी दोन चाव्यांतली एक वेगळी काढली आणि माझी गाडी बंद. इंजिन फिरतंय, पेटत नाही. दोन दिवस बॅटरी, पेट्रोल पंप सगळं बघून झालं.

शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चावी कानाशी हलवली आणि विचारलं, "ताई, कव्हर बदललं होतं का?" चिप जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटलेली असते, ती चावीवाल्याने कव्हरबरोबर कचऱ्यात टाकली होती. इतके महिने गाडी चालू होत होती कारण दुसरी चावी त्याच जुडग्यात लटकत होती आणि तिची चिप वाचली जात होती! चाव्या वेगळ्या झाल्या आणि खेळ संपला.

नवी चिप घालून कोडिंग करून घेतली. कव्हर बदलायला देणाऱ्यांनी समोर उभं राहून ती वडी नव्या कव्हरमध्ये गेली ना ते बघा.

सोलेनॉइड
@गौरी_ठाणे, कडक किस्सा! याच्या उलटही होतं. एका जुडग्यात दोन वेगळ्या गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या असल्या की दोन्ही चिप एकदम बोलतात आणि इग्निशनच्या रिंगला काहीच कळत नाही. गाडी सुरू होत नसेल तर पहिलं काम म्हणजे चावी जुडग्यातून सुटी करून बघणं. फुकट आहे.

पीएमपीएल_पीडित
मग काचेवरचा फास्टॅग पण त्रास देत असेल का? आणि खिशातलं मेट्रो कार्ड?

सोलेनॉइड
फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, मेट्रो कार्ड १३.५६ वर. चावीशी त्यांचं बोलणंच होत नाही. फास्टॅग त्रास देतो तो फक्त टोलवर.

भुलेश्वर
उंदीर बघितलात का? बॉनेट उघडा आणि लेंड्या दिसतात का पाहा. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनावर झोपायला येतात आणि जाताना वायर कुरतडून जातात. आमच्या सोसायटीत एका पावसात तीन गाड्या अशाच टो झाल्या.

मिरची_लिंबू
इलाज: तंबाखूची पानं, फिनेल, डांबरगोळ्या, मिरपूड, रात्रभर बॉनेट उघडं ठेवणं. आमच्या उंदराने तंबाखू पण खाल्ली.

भुलेश्वर
खालून जाळी मारून घ्या. बाकी सगळं मनाचं समाधान.

मिलवॉकीची_माई
धागा वाचून राहवलं नाही. वर कुणीतरी इमो ऑफ करा म्हणालं ना, ते केल्यावर काय होतं हे अमेरिकेतल्या आमच्या गावाला, मिलवॉकीला विचारा.

युरोपात नव्या गाड्यांना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत सक्ती कधीच नव्हती. ह्युंदाई आणि कियाने इथल्या स्वस्त, चावीवाल्या मॉडेल्समध्ये तो दिलाच नाही. २०१५ च्या मॉडेल्समध्ये बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर स्टँडर्ड होता, या दोघांच्या फक्त २६ टक्क्यांत. मग मिलवॉकीतल्या पोरांना शोध लागला की स्टिअरिंगखालचं कव्हर तोडून यूएसबी वायरचं टोक घातलं की गाडी चालू होते. व्हिडिओ टिकटॉकवर गेले आणि देशभर लोण पसरलं. पोलीस स्टेशनात स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडे फुकट वाटले. २०२३ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी सॉफ्टवेअर दुरुस्ती आणली आणि त्याच वर्षी गाडीमालकांच्या दाव्यात सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड केली.

आमच्या गल्लीत अजून गाड्यांच्या स्टिअरिंगवर ते पिवळे-लाल दांडे दिसतात. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा म्हणाल्या, अगं ही तर आपल्या दुकानाची अडसर.

रंकाळा_चौपाटी
@मिलवॉकीची_माई बरं बाई, माझा सल्ला मागं घेतो. दांडा स्वस्त पडला.

दाभोळखाडी
गाडी घरी आणली, फोटो आला. अंगठा वगळून सांगतो. 😀

मीटरमधला चावीच्या चित्राचा दिवा ऑन केल्यावर लागतो आणि दोन सेकंदांत विझतो. बाबा ज्या लाल लाईटबद्दल बोलत होते ती वेगळीच आहे! समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, डॅशबोर्डवर चिकटवलेला मसुराएवढा लाल दिवा. गाडी बंद असताना लुकलुकतो आणि चावी ऑन केली तरी लुकलुकत राहतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तो पहिल्यापासून आहे, शोचा."

दुसरी चावी पोचली, तिनेही तसंच. जुडग्यातून सुटी करूनही तेच.

रिव्हर्स_गिअर
सापडलं! शोचा नाही, सायरनचा आहे. गाडी घेताना शोरूमने फ्री ॲक्सेसरी म्हणून मॅट, मडफ्लॅप आणि सायरनवालं सेंट्रल लॉकिंग दिलं असणार.

सोलेनॉइड
@रिव्हर्स_गिअर +१. कंपनीचा इमोबिलायझर निर्दोष सुटला, त्याने चावी ओळखली आहे.

असं बाहेरून बसवलेलं सिक्युरिटी किट लावताना स्टिअरिंगखाली इग्निशनमधून स्टार्टरकडे जाणारी वायर कापतात आणि मध्ये किटचा रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकतात. किट आर्म झालं, म्हणजे पहाऱ्यावर गेलं, की रिले जोड तोडतो, सेल्फला करंट बंद. दिवे, पंखा, रेडिओ सगळं चालू राहतं. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. आणि हे जोड बहुतेक वेळा नुसते पीळ घालून काळ्या टेपने गुंडाळलेले असतात. कोकणातल्या दहा-बारा पावसाळ्यांत तांबं हिरवं होतं.

आता सर्व्हिस सेंटर नको, गावातला चांगला वायरमन गाठा आणि त्याला एवढंच सांगा: चावी सेल्फवर धरून स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या (त्याला चालू करणाऱ्या स्विचच्या) बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लाव. लॅम्प लागला आणि स्टार्टर फिरला नाही तर स्टार्टर काढा. लॅम्प लागलाच नाही तर मागे मागे येत सायरनच्या डब्यापर्यंत जा. तिथे कापलेल्या वायरची दोन टोकं परत जोडून सोल्डर करायची, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नुसती टेप नको. कंपनीचा इमोबिलायझर तसाच राहतो, इन्शुरन्सचा प्रश्न नाही.

किटला एक लपवलेलं व्हॅलेट बटणही असतं, स्टिअरिंगखाली किंवा फ्यूजबॉक्सजवळ. चावी ऑन करून ते दाबलं की बऱ्याच किट्स गप्प होतात. आज संध्याकाळी बाबांना गाडी लागणार असेल तर आधी तेवढं करून बघा.

मी_मुक्ता
पण सायरन असेल तर वाजत का नाही?

रिव्हर्स_गिअर
भोंगा बॉनेटखाली असतो. पाण्याने कधीच सडला असणार. डोकं शाबूत, तोंड गेलं.

निवृत्त_पालिओ
अँटी-थेफ्ट म्हटलं की आमची फियाट पालिओ आठवते. २००१ मध्ये आली तेव्हा काय क्रेझ होती, मग सचिनच्या नावाची एस १० पण काढली. गाडीबरोबर एक कोड कार्ड मिळायचं, त्यावर पाच आकडी नंबर. चावीची चिप दगा देऊ लागली तर ॲक्सिलरेटरने तो नंबर गाडीला सांगता यायचा.

आमची चावी विहिरीवर पाय धुताना पाण्यात पडली, काढली, पण चिप गेली. मॅन्युअल उघडून बसलो. चावी ऑन करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, इंजेक्शनचा दिवा विझेपर्यंत. मग सोडायचा. दिवा उघडझाप करू लागतो, ती मोजायची. पहिला आकडा चार असेल तर चार झाल्या की पुन्हा दाबायचं. असे पाच आकडे. बायको मोजतेय, मी दाबतोय आणि मागच्या सीटवरून पोरगा मधूनच "सात!" ओरडतोय. तिसऱ्या आकड्याला चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पोराला खाली उतरवलं तेव्हा गाडी चालू झाली.

आजच्या पुश बटणवाल्यांना ही मजा नाही.

गौरी_ठाणे
😂😂 "सात!"

टू_बीएचके_पुणे
@निवृत्त_पालिओ, पुश बटणवाल्यांच्या वेगळ्या मजा आहेत. आमच्या मीटरवर एकदा "की नॉट डिटेक्टेड". चावी खिशात! सेल संपला होता. अशा वेळी चावी स्टार्टच्या बटणालाच टेकवून दाबायचं, आत बिनसेलाची चिप असतेच. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, कपहोल्डरमध्ये किंवा स्टिअरिंगच्या बाजूला. ती मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा, रात्री घाटात शोधू नका.

अनुस्वार
त्यात भर: पुश बटण गाडी ब्रेक दाबल्याशिवाय चालू होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ब्रेकचा स्विच खराब असेल तर पाय दाबलेला गाडीला कळतच नाही. लोक अँटी-थेफ्टला शिव्या घालत बसतात. मागे माणूस उभा करून ब्रेकलाईट लागतात का ते बघा. ऑटोमॅटिक असेल तर पी ऐवजी एन मध्ये टाकूनही एकदा सुरू करून बघा.

नवखा_ड्रायव्हर
आणि स्टिअरिंग लॉक? माझी तर चावीच फिरत नव्हती.

अनुस्वार
स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवायची. जोर लावून चावी मोडू नका, मोडलेल्या चावीचं अर्धं पातं भोकातून काढणं हा स्वतंत्र धागा होईल.

दाभोळखाडी
सगळ्यांचे आभार, गाडी चालू झाली!

वायरमन बहादूरशेख नाक्याजवळचा, बाबांच्या ओळखीतला. टेस्ट लॅम्प लागला नाही. त्याने स्टिअरिंगखालचं प्लास्टिक काढलं आणि आतून काळ्या टेपचा एक मोठा गुंडा काढला. टेप चिकट होऊन वितळलेली, आत वायरींवर हिरवी बुरशी आल्यासारखं. रिमोट बाबांनी हरवल्यानंतर कुणीतरी व्हॅलेट बटण दाबून किट बंद केलं असावं. त्या बटणात ओल गेल्यामुळे किट आपलंआपणच आर्म होत होतं, असा वायरमनचा अंदाज. ऊन पडलं की बटण सुकायचं आणि गाडी चालू. सगळं किट काढलं, मूळ वायर सोल्डर करून जोडली. बिल ६५० रुपये आणि चहा.

आधीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून कोडची प्रिंट मागितली. "सिस्टीममध्ये दिसत नाही" एवढंच उत्तर मिळालं.

एक मात्र झालं. वायरमन तो लाल दिवा पण काढत होता, तर बाबांनी थांबवलं. आता फक्त दिवा थेट बॅटरीवर जोडून घेतलाय. म्हणाले, "चोराला कुठे माहीत आत काय आहे?"

सदाशिव_पेठी
बाबांना नमस्कार सांगा. यालाच खरी अँटी-थेफ्ट सिस्टीम म्हणतात.

सोलेनॉइड
छान! दिव्याच्या वायरला छोटा फ्यूज आहे ना तेवढं विचारा. थेट बॅटरीवर फ्यूजशिवाय नको. आणि दिवाळीपर्यंत एकदा ती सोल्डर उघडून बघायला सांगा.

दाभोळखाडी
विचारलं. नव्हता. उद्या टाकून घेतायत.

नवखा_ड्रायव्हर
माझ्या स्कूटरचा पण सायरन रात्री दोनला आपोआप वाजतो. इथेच विचारू का नवीन धागा काढू?

रिव्हर्स_गिअर
नवीन काढा. आणि शेजाऱ्यांना लिंक पाठवा.